पाप कोणाचे?



आज उपवासकाळातला चौथा रविवार. योहानच्या शुभवर्तमानातील ९व्या अध्यायाचे वाचन आपण आज ऐकतो. वाटेवर एक जन्मांध माणूस आहे. त्याला पाहून शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईवडिलांनी? तो जेवला आहे का, त्याला कोण सांभाळते, हे कोणी विचारीत नाही. प्रभू येशू दोन्ही उत्तरे नाकारतो, खाली वाकून माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो.

डोळ्यांच्या बाबतीत आपण आता शिष्यांचा हा प्रश्न विचारीत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र अजून विचारतो.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सात एक मुलगा मोठ्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. प्रवचन थांबवून मी वेदीवरून बोललो, “आईवडिलांनी मुलांना थोडी शिस्त लावावी.” त्याची आई उठली आणि त्याला घेऊन बाहेर गेली. पुढे कित्येक महिने ते कुटुंब चर्चमध्ये दिसले नाही. मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, हे मला फार उशिरा कळले. मी त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली. ती माउली एवढेच म्हणाली, “फादर, शिस्तीने जमले असते तर आम्ही कधीच लावली असती.”

लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अशा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे काही तज्ज्ञ म्हणत, की आईची माया आटली म्हणून मूल असे झाले. किती आयांनी हा डाग कपाळी वागवला असेल! पुढे हे म्हणणे साफ चुकीचे ठरले. ह्या मुलांच्या मेंदूची घडणच जन्माआधीपासून वेगळ्या रीतीने होते. आपल्याला सहज वाटणारा लाऊडस्पीकर, घंटा, गर्दी, दिव्यांचा झगमगाट त्यांना असह्य होऊ शकतो. त्या वेळी ओरडणे हा हट्ट नसतो, ती त्यांची कळ असते. शिष्यांनी विचारले होते तेच डॉक्टरांनी विचारले, आणि तेच मी वेदीवरून विचारले.

दुसरा प्रसंग. एक वडील माझ्याकडे आले. मोटारसायकलवरून पडून मुलाच्या डोक्याला जबर मार बसला होता. जीव वाचला, जखम भरली, पण मुलगा बदलला. पूर्वी चर्चमध्ये वाचन करणारा तो आता आईला शिव्या देतो, क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. वडिलांनी विचारले, “फादर, हा पापात पडला की ह्याच्यात काही शिरले?”

मी त्यांना फिनिअस गेज ह्याची गोष्ट सांगितली. तो अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर मुकादम होता, वय २५. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाचा भडका उडाला आणि मीटरभर लांब, सुमारे ६ किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, चालू-बोलू लागला. पण त्याचे डॉक्टर जॉन हार्लो ह्यांनी लिहून ठेवले आहे, की पूर्वीचा समंजस मुकादम आता उतावळा झाला, शिवराळ बोलू लागला, ठरवलेले तडीस नेईना. कंपनीने त्याला जुनी जागा दिली नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालतो, पुढचा विचार करतो. त्यालाच इजा झाली होती. तरी गेजने पुढे चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरावीक वेळ आणि ठरावीक काम मिळाल्यामुळे तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. शेवटी त्याला फेफरे येऊ लागले आणि १८६० साली तो वारला.

कोणी विचारील, मेंदू बिघडला की स्वभाव बिघडतो, मग आत्म्याचे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मलाही हा प्रश्न पडला होता. १३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्याचा विचार केला आहे. माणूस म्हणजे शरीरात कोंडलेला आत्मा नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. म्हणून शरीरातील इंद्रियाला इजा झाली, की समजण्याच्या क्रियेतही अडथळा येतो, असे ते सांगतात. क्रिया अडते, माणसाची प्रतिष्ठा मात्र अडत नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही परिच्छेद १७३५मध्ये शिकवतो, की मानसिक कारणांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी उरतही नाही. किती उरली, हे फक्त देव जाणतो.

ह्याचा अर्थ आईने मुकाट्याने मार खावा असा नाही. घरातल्यांचे रक्षण झालेच पाहिजे आणि उपचारही झाले पाहिजेत. शिवाय ज्याला इजा झाली तोही आतून झुरत असतो. डोक्याला मार बसल्यावर पुष्कळांना नैराश्य येते. स्वमग्न माणसांतही चिंता आणि नैराश्य अधिक आढळते. “आपण सगळ्यांना जड झालो” हा विचार त्यांना पोखरतो. अशा वेळी नुसता नवस पुरत नाही, भगत तर नकोच. बेनसिराच्या ग्रंथातील ३८वा अध्याय वाचा : प्रार्थना करा आणि वैद्यालाही बोलवा, कारण त्याला देवानेच निर्माण केले आहे. फेफऱ्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मन खचले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून आहे, क्रमांक १४४१६.

ह्या उपवासकाळात आपण तीन गोष्टी करू या. मिस्सात एखादे मूल ओरडले, तर मान वळवून पाहू नका, जरा सरकून त्याच्या आईला जागा द्या. अशा मुलांना धर्मशिक्षण वर्गात पाठवा, आम्ही त्यांच्या गतीने शिकवू. समज अधू असली तरी ज्याच्या मनात भक्ती जागते त्याला ख्रिस्तशरीर नाकारू नये, असे संत थॉमसही सांगतात. आणि ज्या घरात असा रुग्ण आहे, तिथे एखाद्या संध्याकाळी तासभर जाऊन बसा, म्हणजे त्या आईला निवांत रोझरी म्हणता येईल.

ती माउली आता पुन्हा येते. मुलगा तिसऱ्या बाकावर बसतो आणि कधी कधी माझ्या प्रवचनात त्याचा तो शब्द म्हणतो. मी थांबतो, तो संपवतो, मग मी पुढे बोलतो.

प्रभू आपणा सर्वांचे डोळे उघडो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू