युरिया, ओंबी आणि तिसरा अध्याय

यंदा गावच्या सप्ताहात प्रवचनाला गीतेचा तिसरा अध्याय होता. अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून. आणि घेतलेलं परत न देता एकटा खातो तो चोर. इथवर मनापासून पटलं. पुढे महाराज म्हणाले, युरिया टाकणारा शेतकरी हे चक्र मोडतो. ते मात्र पटलं नाही. निफाड तालुक्यात कृषी सहायक म्हणून माझी नोकरी गव्हाच्या बांधांवर गेली. माळकरीही आहे, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण गव्हाला त्यातला कणही थेट घेता येत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो बांधतात. १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्राचा अमोनिया करून दाखवला; युरिया त्यापासूनच बनतो. त्याच हाबरनी १९१५ साली बेल्जियममध्ये सैनिकांवर क्लोरीन वायू सोडवला. म्हणजे धर्म-अधर्म पदार्थात शोधून सापडायचा नाही. घेतलेलं पुढे कुठे जातं, ते पाहावं लागेल.

त्यासाठी ओंबीच्या लगेच खालचं पान पाहा. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात, पण पानातला नत्राचा मोठा साठा असतो तो हवेतला कार्बन पकडणाऱ्या प्रथिनांत. नत्र कमी पडला की फुटवे कमी, पान लवकर पिवळं, दाणा बारीक. फुलोऱ्यानंतर तर या पानावर दोन कामं येतात, आणि ती एकमेकांविरुद्ध ओढतात. दाण्यात पिष्ट भरायचं तर त्याला हिरवं राहायला हवं. दाण्याला प्रथिनं द्यायची तर स्वतःची प्रथिनं मोडून पाठवायला हवीत, म्हणजे पिवळं पडायला हवं. दाण्यातला निम्म्याहून जास्त नत्र बहुधा असा फुलोऱ्याआधी साठवलेलाच असतो. पानाला वैराग्य आलं असं मी म्हणणार नाही, त्याला मन नाही. पण चक्र चालतं म्हणजे काय, ते मला पोथीइतकंच तिथे दिसलं.

बागायती गव्हाला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची: अर्धा पेरणीला, अर्धा साधारण एकविसाव्या दिवशी, पहिल्या पाण्याच्या वेळी. इतका नत्र पिकाचा हक्क आहे, तो देण्यात पाप नाही. पण ‘पिकाला काळोखी आली पाहिजे’ म्हणून वर आणखी एक पोतं फेकलं जातं, तिथे चोरी सुरू होते. काळोखी डोळ्यांना सुखावते. गहू मात्र उंच वाढून लोळतो, पक्वता लांबते आणि तोवर मार्चचं ऊन येऊन दाणा सुरकुतवतं. उरलेला नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते पाणी शेजाऱ्याचं लेकरूही पितं.

ज्ञानदेवांनी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावला. शेतकऱ्याचा स्वधर्म मातीला जेवढं हवं तेवढं देणं आणि तिचं तिला परत करणं, असं मी समजतो. काढणीनंतर गव्हाचं काड पेटवलं जातं, तेव्हा त्यातला बहुतेक नत्र धुरात जातो. महाराजांना माझी विनंती आहे: पुढच्या सप्ताहात युरियाला दोष देण्याऐवजी या पेटवण्यावर बोलावं. तुमचा शब्द गाव ऐकतं.