कडब्याचा हिशेब

पारोळ्याच्या किल्ल्याजवळ वाढलेल्या एका तरुणानं ऐतिहासिक कादंबरी लिहिली. ‘उषःकाल’ लिहिणारे हरी नारायण आपटे १८६४ साली याच पारोळ्यात जन्मले, हे त्याला शाळेतच कळलं होतं आणि तेव्हापासून ते त्याच्या मनात घर करून होतं. नोकरी जळगावला, लिखाण रात्री. कादंबरीत काय नव्हतं! खलिते होते, मुजरे होते, सरनोबत होते, पानोपानी तलवारींचा खणखणाट होता. बाड घेऊन तो गल्लीतल्या आप्पांकडे गेला. आप्पा निवृत्त तलाठी, मोडी जाणणारे.

आप्पांनी सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, “तुनी कादंबरीमा कोन्ही जेवस का नही रे भो?”

पोरगा गप्प झाला. एवढ्या पानांत कोणी भाकर मोडली नव्हती, कोणाचा बैल आजारी पडला नव्हता, कोणी उधार मागितलं नव्हतं.

आप्पांनी माळ्यावरून एक रुमाल काढला. आत त्यांच्या पणज्याच्या वेळचे मोडी कागद होते. वरचाच कागद हातात देत ते म्हणाले, “याची नक्कल कर. अक्षर न् अक्षर.”

तो कागद म्हणजे एका शेतकऱ्याची विनंती होती. पाऊस गेला, कडबा सरत आला, बैलजोडी विकली तर पेरणी कशानं करू, वसुलीला एवढा महिना थांबावं.

“आप्पा, मला लढाई पाहिजे. या कडब्याचं मी काय करू?”

“आधी लिहून काढ.”

मोडीत लेखणी फारशी उचलत नाहीत, अक्षराला अक्षर बिलगून येतं. शब्द सुटेपर्यंत डोळे दुखतात. पण लिहिता लिहिता तो माणूस त्याला दिसू लागला. अर्जात त्यानं आधी बैलांचं सांगितलं होतं, घरच्या उपासमारीचं सगळ्यात शेवटी. ती अदब, तो संकोच पोराला स्वतःच्या बुद्धीनं कधी सुचला नसता.

मग असेच आणखी जुने कागद पाहायला आप्पांनी त्याला धुळ्याला पाठवलं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या घरातली दप्तरं सोडवली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. मोठ्या लढायांबरोबर उधारी, तंटे, लग्नकार्यं हेही त्याच जुन्या कागदांत सापडतं, आणि राजवाड्यांचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी घरोघरचा साधा कागदही जपण्याच्या लायकीचा मानला.

एका रविवारी दोघं अजिंठ्याला गेले. पोरगा पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर खिळून उभा राहिला. आप्पांनी त्याला सतराव्या लेण्यात नेलं. विश्वंतर जातकाच्या त्या चित्रात राजपुत्र घर सोडून निघतो, आणि चित्रकारानं त्याच्याबरोबर पेठेतली दुकानंही रंगवली आहेत. राजपुत्राचं दुःख ज्या गावातून जातं, ते गाव त्यानं रिकामं ठेवलं नाही.

“गिलसाहेबानं असंच सगळं उतरवून घेतलं,” आप्पा म्हणाले. रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये कंपनीनं त्याला या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं अंधारात, वटवाघळांच्या घाणीत काम केलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकला १८६६ च्या आगीत जळाल्या, मोजक्याच वाचल्या. तरी त्यानं पुन्हा कुंचला हातात घेतला. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे शेजारच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी गिल आणि त्याची इथली प्रेयसी पारू यांच्यावर ‘अजिंठा’ ही दीर्घ कविता लिहिली. जुनी चित्रं, त्यांच्यापुढे बसलेला चित्रकार, त्याच्यावरची कविता: एकातून दुसरं असं उगवत गेलं.

परतताना पोरानं विचारलं, “आप्पा, दुसऱ्यांदा काढायला बसताना त्याचं मन झालं कसं?”

“तू बैलांचा कागद दोनदा का लिहिलास?”

“पहिल्या वेळेस नीट दिसला नव्हता.”

आप्पा काही बोलले नाहीत.

बाड अडगळीत गेलं. नवी कादंबरी निम्म्याहून लहान झाली. त्यात सरनोबत एकदाच येतो, तोही घोड्याच्या दाण्यासाठी एका म्हातारीच्या दारात थांबतो. कडबा किती उरला ते ती सांगते, खोटं सांगते, आणि ते त्याला कळतं. लढाई पुढच्या प्रकरणात आहे, पण वाचणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं ते याच दारात. आप्पांनी एवढंच पान दोनदा वाचून घेतलं.

तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत, मोडी कागदांचा रुमाल पडला असेल तर तो रद्दीत घालू नका. त्यात राजाचं नाव नसेल, नसू द्या. वाळवी लागण्याआधी मोडी जाणणाऱ्या एखाद्याकडून वाचून घ्या, आणि घरात लिहिणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवून त्याची नक्कल करायला लावा.