सुरक्षितता कोणाची?

अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीतही आज दूरचित्रवाणीसंच पोहोचला आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या पेटीने चटकन पेट घेऊ नये म्हणून तीत ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळण्याचा प्रघात पडला. हेतू स्तुत्य, यात वाद नाही. परंतु ती द्रव्ये घरच्या धुळीत उतरतात; आणि संच मोडीत निघाल्यावर, तांब्यासाठी त्याचे अवशेष उघड्यावर जाळणाऱ्या मजुराच्या श्वासात विषारी धूर शिरतो. १ मे २०१४ पासून भारतात अशा द्रव्यांच्या दोन वर्गांस वजनाच्या शेकडा ०.१ इतकीच मुभा राहिली. तत्पूर्वीचे संच मात्र भंगारात येतच राहिले. आमचा आक्षेप परीक्षेच्या रीतीवर आहे. प्लॅस्टिकची पट्टी पेटवून ज्योत १० सेकंदांत विझली, की तिला उत्तम श्रेणी मिळते. विकत घेणाऱ्याचे घर वाचते. ज्याने संच कधी घेतलाच नाही त्या मजुराची संमती कोणी विचारली?