पोच

ट्रकमधून माल उतरला की ड्रायव्हर बिल्टीची पोच पुढे करतो. ‘माल मिळाला’ म्हणून सही-शिक्का द्यायचा. दिसायला साधा कागद. पण ट्रकवाल्याच्या भाड्याची बाकी बहुतेक वेळा ही पोच परत गेल्यावरच सुटते. नग कमी लिहिले, तर त्याचे पैसे अडकतात.

आमचं बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव. सूत येतं, कापड जातं. घराखालीच गोदाम असलं की घरच्या बायकांनाही अशा सह्या कराव्या लागतात. एका दुपारी हे बाहेर गेले होते. सुताची पोती उतरली. ‘‘भाभीजी, बारा नग हैं, साइन कर दो.’’ गॅसवर दूध होतं. मी न मोजताच सही केली.

संध्याकाळी मोजली, तर तेरा!

मुलगा म्हणाला, ‘‘आई, कागदावर बाराच आहेत ना? मग आपण कुठे खोटं बोललो?’’ खरंच, कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मला झोप येईना.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातली कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, आपल्याला लगेच कळते. तिच्या शेजारीच न्यासापहार आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला, दहाऐवजी आठच मागितले आणि आपण ‘‘हो, आठच’’ म्हणालो, तर तोही दोष. मला नेहमी वाटायचं, ही तर चोरी. सत्याच्या व्रतात कशाला? त्या रात्री उमगलं. समोरच्याच्या चुकीला ‘हो’ म्हणणं हेही असत्यच. आमच्या कागदावरचे ‘बारा’ आता तसेच झाले होते.

माल कमी आला तर दाद मागायला २००७ चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा आहे. माल बुक झाल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पण जास्त आलेल्या पोत्याची आठवण आपल्याला कोण देणार? आपलं मनच. कारण आपलं तेरावं पोतं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पोचेवर ‘एक नग कमी’.

सकाळी यांनी बिल्टीवरच्या नंबरवर फोन केला. पोतं पुढच्या एका व्यापाऱ्याचं निघालं. ड्रायव्हरचे पैसे अडलेच होते. तो पोतं न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, ‘‘भैया, गलती मेरी भी है. मैंने गिना नहीं था.’’

आता दूध उतू गेलं तरी चालेल, पण मोजल्याशिवाय मी सही करत नाही.