पत्त्यांच्या दुकानातले आजोबा



मागच्या गुरुवारी काचीगुड्याला आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि आपल्यातल्या एका काकांचा नातू कोपऱ्यात मोबाईलवर कार्टून बघत बसलेला सापडला. काका भडकले, "इथे येऊनही हेच का?" पोरगं शांतपणे म्हणालं, "आजोबा, यात पण आजोबाच शिकवतात." आम्ही हसलो. पण मग त्याच्या शेजारी बसून दोन भाग पाहिले आणि हसू थांबलं.

मालिका जपानी, नाव 'यु-गि-ओ'. काझुकी ताकाहाशी यांनी १९९६ साली ती चित्रकथा म्हणून सुरू केली. युगी नावाच्या मुलाच्या आजोबांचं खेळांचं छोटं दुकान असतं. त्यांच्याकडे निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या ड्रॅगनचं एक पान, जगात अशी चारच. कायबा नावाचा श्रीमंत मुलगा पेटीभर पत्ते घेऊन येतो, "हे सगळे घ्या, ते एक द्या." आजोबा नाही म्हणतात. ते पान जिवलग मित्रानं दिलेलं असतं. दुकानदार आहेत, पण सगळंच विकायला ठेवलेलं नाही! पुढे कायबा त्यांना खेळात हरवतो आणि ते पान फाडून टाकतो. कोसळलेले आजोबा स्वतःचा पत्त्यांचा जोड नातवाच्या हाती देतात. तू खेळ, एवढंच.

आम्हाला मात्र जास्त लागला तो युगीचा मित्र जोई. तो सारखा हरतो. त्याचे पत्ते उलगडून पाहिले तर सगळे राक्षसच, जादूचं एक पान नाही. नुसती ताकद! मग तो आजोबांना गळ घालतो, मला शिकवा. आजोबा लगेच हो म्हणत नाहीत. शिकवायला बसतात तेव्हा मात्र घाम काढतात. पुढे हाच मुलगा बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे मिळवायला स्पर्धेत उतरतो. तिथे हातातलं पान त्याचं त्यालाच टाकावं लागतं.

आता आपले पत्ते उलगडून पाहू या. पोराचे मार्क, पॅकेज, हायटेक सिटीजवळचा फ्लॅट. सगळे राक्षस. धीर धरण्याचं पान कुठे आहे? ऐकून घेण्याचं? आणि गुरूंकडे जातो तेही बहुतेक वेळा 'माझा डाव तुम्हीच खेळा' म्हणायला. (आम्हीही त्यातलेच, उगाच नाकारत नाही.)

कार्टूनचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. तर आपल्या गच्चीबावलीत या. पुल्लेला गोपीचंद २००१ साली ऑल इंग्लंड जिंकले. शीतपेयाच्या जाहिरातीचे पैसे समोर आले, ते त्यांनी नाकारले. पुढे अकादमी उभी करताना राहतं घर गहाण टाकलं. सिंधू लहान असताना रोज जाऊन-येऊन ५६ किलोमीटर प्रवास करून सरावाला यायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्यांनी तिचा फोन तीन महिने काढून घेतला होता, आईस्क्रीमही बंद. रौप्यपदक आल्यावर दोन्ही परत दिलं. कोर्टवर मात्र ती एकटीच होती. गुरू बाजूला खुर्चीवर.

फोन काढून घेणं आपल्यालाही जमतं हो. पण फोन काढून घेतल्यावर पहाटे चारला उठून पोरासोबत कोर्टवर उभं कोण राहतं? आपण फोन कपाटात ठेवतो आणि स्वतःचा उघडतो.

काकांना हे सगळं त्याच रात्री बोलून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चपला घालून निघून गेले. आम्हाला वाटलं, रागावले. काल त्यांचा फोन आला. नातू त्यांना खेळ शिकवतोय, आणि ते सलग तीन डाव हरलेत. "पोरगं फार कडक मास्तर आहे," म्हणाले. येत्या गुरुवारी दोघंही येणार आहेत, पत्ते घेऊन. आरतीनंतर थोडं थांबा.

जय गुरुदेव.