दहा खेळ्यांचा विसर

नगर कुठे वसवायचे आणि आधी कोणती विद्या शिकायची, हे दोन प्रश्न माणसाच्या इतिहासाइतकेच जुने आहेत. पाणी जवळ हवे, जमीन कसदार हवी, इमारतीला लाकूड आणि चुलीला सरपण हवे, शत्रू चालून आला तर आडोसा हवा. इब्ने खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या आपल्या 'मुकद्दिमा'त शहराच्या जागेसाठी हेच निकष सांगितले आहेत. तेवढ्यावर तो थांबला नाही. कूफा, बसरा आणि कैरवान वसवताना सुरुवातीच्या अरबांनी उंटांची चराई आणि वाळवंटाची वाट एवढेच पाहिले, पाणी, शेती, लाकूड यांचा विचार केला नाही, असा दोष त्याने स्वकीयांनाच दिला. पहिल्या निवडीची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते, हे त्याला सांगायचे होते.

हेच दोन प्रश्न आज आपली मुले संगणकाच्या पडद्यावर सोडवत असतात. 'सिव्हिलायझेशन' हा खेळ सिड मायर यांनी १९९१ मध्ये आणला. तो बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा असतो. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी खेळ सुरू होतो. हाती वसाहत करणाऱ्यांची एक तुकडी आणि एखादा योद्धा. बाकी नकाशा अंधारात. तिथून गाव, गावाचे नगर, नगराचे साम्राज्य करत थेट अंतराळयानापर्यंत जायचे. यातली चौथी आवृत्ती २००५ साली आली. आम्ही तिच्याविषयीच बोलणार आहोत, कारण जो नैतिक प्रश्न आम्हाला मांडायचा आहे तो तिच्यात अगदी उघडपणे समोर येतो.

खेळाची रचना हुशारीची आहे, हे आधी मान्य करू. नगराभोवतीची वीस घरे त्या नगराच्या उपयोगाची. नदीकाठी वसवले तर लोकांचे आरोग्य सुधारते. पूरमैदानात धान्य भरपूर, पण रोगराईही येते. इब्ने खल्दून हा खेळ खेळता तर त्याला फारसे काही समजावून सांगावे लागले नसते. विद्येचेही तसेच. एका वेळी एकच विद्या शिकता येते. शेती आधी की खाणकाम, हे ठरवावे लागते. एक निवडले की दुसरे लांबणीवर पडते.

धर्मसुद्धा या खेळात विद्येच्या झाडाला लागलेले फळ आहे. एखादी ठराविक विद्या जो सर्वांच्या आधी मिळवेल त्याच्या नगरात तो धर्म स्थापन होतो. इस्लामच्या वाट्याला 'राजाचा दैवी अधिकार' ही विद्या आलेली आहे. ज्या धर्माच्या पहिल्या खलिफांची निवड बैअतीने झाली, त्याची गाठ युरोपातल्या राजांच्या सिद्धांताशी बांधलेली पाहून आपल्या वाचकांच्या भुवया उंचावतील. पण सर्व धर्मांचे परिणाम खेळात अगदी सारखे ठेवले आहेत, एवढा समतोल निर्मात्यांनी राखला आहे. त्यावर रागावण्यात शक्ती घालवू नये. खरा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या पन्नास-साठ खेळ्यांत येऊन गेलेला असतो.

अनुभवी खेळाडू नवशिक्याला सांगतात : कांस्यकामाची विद्या लवकर घे. ती मिळाली की तीन गोष्टी होतात. जमिनीतले तांबे दिसू लागते, जंगल तोडता येते आणि गुलामगिरीचे धोरण खुले होते. एक जंगल तोडले की बांधकामासाठी वीस हातोडे मिळतात. हातोडा हे खेळातले श्रमाचे माप. गुलामगिरी स्वीकारली की नगराच्या लोकसंख्येतला एक आकडा खर्च करून तीस हातोडे मिळतात. चारचे तीन होतात आणि अडलेले काम पुढच्या खेळीत पुरे होते. खेळाडूंच्या बोलीत याला चाबूक म्हणतात. म्हणजे माणसाचा भाव दीड जंगल.

त्यातही युक्ती आहे. नगरात आधी धान्याचे कोठार बांधायचे. कोठार असले की लोकसंख्या वाढताना निम्मे धान्य शिल्लक राहते आणि खर्च झालेला आकडा लवकर भरून निघतो. म्हणून कोठार आणि चाबूक ही जोडी सुरुवातीच्या खेळात नावाजलेली आहे. हजरत युसुफ (अ.स.) यांच्या कथेतले कोठार आपल्याला ठाऊक आहे. सात वर्षांच्या दुष्काळात माणसे जगावीत म्हणून ते होते. इथल्या कोठाराचा मोठा उपयोग काय, तर मारायला पुन्हा माणसे लवकर तयार व्हावीत.

याची शिक्षाही खेळात आहे. चाबूक मारला की त्या नगरात एक माणूस नाराज होतो, जुलूम विसरता येत नाही अशी तक्रार करतो. नाराज माणूस खातो, पण काम करत नाही. ही नाराजी साधारण दहा खेळ्या टिकते, मग नाहीशी होते. दहा खेळ्यांत नगर विसरते. त्याहून दाहक म्हणजे, नाराजांची संख्या वाढली तर त्यावर खेळाडूंचा रूढ उपाय असा की पुन्हा चाबूक मारावा. नाराज माणसे तशीही काम करत नाहीत. मग आधी त्यांनाच खर्च करावे.

यावर कोणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे. बुद्धिबळात आपण प्यादे देतोच की! आक्षेप रास्त आहे. पडद्यावर कोणी मरत नाही आणि असे खेळ खेळणारी मुले क्रूर होतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण बुद्धिबळ स्वतःला इतिहास म्हणवत नाही. प्याद्याला घर नसते, सनावळी नसते. हा खेळ स्वतःला संस्कृती म्हणवतो, वर्षे मोजतो, अशोक आणि सलाहुद्दीन यांची नावे घेतो. तेव्हा संस्कृती कशी उभी राहते याविषयी तो काहीतरी सांगतच असतो, आणि ते तपासून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

तो सांगतो ते असे : सुरुवात घाईची असते, सुरुवातीला सगळे चालते. आधी वाढून घ्या, न्याय नंतर. लोकशाहीची विद्या आली की गुलाममुक्तीचे धोरण घेता येते आणि इतरांनी ते घेतले असेल तर आपलेही लोक ते मागू लागतात. पण त्या मुक्तीच्या दिवशी पहिल्या पन्नास खेळ्यांत खर्च झालेल्यांची नोंद कुठेच नसते. ज्यांच्या जिवावर नगर उभे राहिले त्यांना त्यातली एक वीटही मिळत नाही. २०१० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत हा चाबूक नाही. पण बटण नाहीसे झाल्याने प्रश्न सुटला असे होत नाही. दगड अजूनही वर चढतात. ते कोणी चढवले हे फक्त दिसेनासे होते.

इब्ने खल्दूनचा हिशेब वेगळा होता. रयतेकडून सक्तीने, मोबदल्याशिवाय काम करून घेणे हा मोठ्यातला मोठा जुलूम आणि वस्ती उजाड होण्याचे मोठे कारण, असे त्याने लिहिले. कारण श्रम हीच कष्टकऱ्याची पुंजी. ती लुटली की त्याची उमेद जाते, आणि उमेद गेली की नगरही जाते. त्याच्या हिशेबात जुलूम दहा खेळ्यांत विरत नाही, पायात मुरतो. आपल्या परंपरेत हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, या नावाने जे शिकवले जाते ते आणखी पुढे जाते. माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडूनच मिळवावी लागते. काळ लोटला म्हणून ते कर्ज फिटत नाही.

चारचे तीन झाले तेव्हा गेलेला तो एक कोण होता, हे खेळ सांगू शकत नाही. इतिहास कधी कधी सांगतो. सोळाव्या शतकात इथिओपियातला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती बगदादपर्यंत गेला आणि शेवटी दख्खनच्या बाजारात आला. तोच मलिक अंबर. निजामशाही सावरून धरणारा, जमीन मोजून सारा ठरवणारा, आणि १६१० मध्ये खडकी हे नगर वसवणारा. पुढे ते औरंगाबाद झाले, आज त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. डोंगरातले पाणी जमिनीखालून नगरात आणणारी त्याची नहर-ए-अंबरी प्रसिद्ध आहे. बाजारात उभा असताना त्या मुलाची किंमतही एका आकड्यातच झाली होती. अंबरच्या फौजेतही गुलाम हबशी होते, हेही लपवू नये. आपला इतिहास या बाबतीत धुतलेला नाही. पण अंबर मोठा झाला म्हणून त्याची विक्री योग्य ठरत नाही, तसेच जे मोठे झाले नाहीत त्यांची विक्री क्षुल्लक ठरत नाही.

हा विचार राजांपुरता ठेवला तर सोपा आहे. तो आपल्या ओट्यावर आणला की जड जातो. प्रत्येक गरीब घर एका अर्थी सुरुवातीच्या खेळ्या खेळत असते. पैसा थोडा, शिकणारी तोंडे चार. कोणी आधी शिकायचे? बहुधा थोरल्या मुलीची शाळा सुटते. धाकट्यांना सांभाळायला आणि आईच्या हाताखाली कोणीतरी हवे असते. कोकणात कितीतरी घरांवर पक्के छप्पर आले ते आखातात राबणाऱ्या थोरल्या भावाच्या पैशातून. धाकटा इंजिनिअर होतो, मोहल्ल्यात सत्कार होतो, भाषणे होतात. त्या भाषणांत बहिणीच्या सुटलेल्या शाळेचा उल्लेख नसतो. विचारले तर उत्तर तयार असते : तेव्हा परिस्थितीच तशी होती.

परिस्थिती खरोखर तशी असते, हे आम्ही नाकारत नाही. तुटपुंज्या साधनांत निवड करावीच लागते आणि कोणाच्या तरी वाट्याला कमी येतेच. पण त्याग आणि बळी यांत फरक आहे. ज्याने द्यायचे त्याला विचारले, त्याला नाही म्हणायची मुभा होती आणि दिलेले त्याच्या नावावर लिहून ठेवले, तर तो त्याग. यातले काहीच झाले नाही, तर घराने एक आकडा खर्च केला एवढेच. मग त्याला आपण कितीही प्रेमाने त्याग म्हणू.

हे कर्ज फेडण्याचे मार्ग फार अवघड नाहीत. शिकलेल्या भावाने बहिणीचा मिरासीतला हिस्सा तिने न मागता काढून द्यावा. शरीयतने तो ठरवून दिलेला आहेच. तिला चाळिशीत शिकावेसे वाटले तर हसू नये. आखातातून परतलेल्या थोरल्याला घराच्या निर्णयांत पाहुण्यासारखे वागवू नये.

आणि मुलांच्या हातातला खेळ काढून घ्यायची गरज नाही. त्यात भूगोल आहे, धोरण आहे, दूरवरचा विचार आहे. फक्त चारचे तीन होतील तेव्हा शेजारी बसून त्यांना एकदा विचारावे, तो एक कोण होता? पोरगा बहुधा हसेल आणि पुढची खेळी खेळेल. त्याच्या डोक्यात प्रश्न राहिला तर बरेच झाले. आपल्या डोक्यात मात्र तो राहिलाच पाहिजे, कारण आपल्या घरातली ती माणसे अजून हयात आहेत.