आजचे चिंतन : क्षेत्राची मोजणी



वाचनात सध्या गीतेचा तेरावा अध्याय चालू आहे. इथे भगवंतांनी शरीराला क्षेत्र म्हटलंय आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. आपल्या चाकणकडे क्षेत्र म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, सातबाऱ्यावर तोच शब्द असतो. एमआयडीसीत जमिनी गेल्या तेव्हापासून मोजणीही सगळ्यांना ठाऊक.

माझा भाचा चाकणला सीएनसी मशीनवर आहे. त्याच्या मेंदूत डावीकडे, बोलण्याच्या जागेला लागून गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी मेंदूची मोजणी. एमआरआयमध्ये झोपवून बोटं हलवायला, मनात शब्द आठवायला सांगतात. जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनवालं रक्त वाढतं, ते चित्रात उमटतं. ऑपरेशनमध्येही मधे जागं करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, बघा! बारीक विजेचा स्पर्श करून चित्रं दाखवतात. जिथे शब्द अडला ती जागा राखायची. तो घरी मराठी, कंपनीत हिंदी बोलतो. दोन्हींच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून दोन्ही तपासणार.

त्याने मला विचारलं, "मामा, शब्दच गेले तर मी उरेन का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन पुन्हा अध्याय उघडला. क्षेत्राच्या यादीत बुद्धी, अहंकार, सुख, दुःखच काय, चेतना आणि धीरसुद्धा आहे. म्हणजे आपण ज्याला 'मी' म्हणतो त्यातलं बरंचसं शेतातच मोजलं गेलं!

कॅनडात मॉन्ट्रियलला पेनफिल्ड नावाचे सर्जन होते, जाग्या रोग्याच्या मेंदूचे नकाशे करणारे. त्यांनी विजेने रोग्याचा हात हलवला, की रोगी म्हणायचा, हे मी नाही केलं, तुम्ही केलंत. याला आत्म्याचा पुरावा म्हणायची घाई मी करणार नाही. पण हात हलताना बघणारा कोण, हा प्रश्न भगवंतांचाच आहे.

काल बहिणीने सराव म्हणून त्याला विळी दाखवली. त्याला शब्द सापडेना. "ते... कापायचं," म्हणाला आणि हसला. शब्द हरवलाय, हे त्याला कळत होतं. मी ते हसणं बघत बसलो.

गुरुवारी ऑपरेशन आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसाल तेव्हा त्याची आठवण ठेवा.